सांडपाण्याचा गाळ म्हणजे सोनखत नव्हे

प्रश्न : शहराच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रातला वाळलेला गाळ शेतात टाकावा, असे आम्हाला सुचवले जात आहे. सोनखत आपण पूर्वापार वापरत आलो. मग काही देशांनी अशा गाळावर बंदी का घातली आणि तेथील संशोधन कोणत्या दिशेने चालले आहे?
– एक शेतकरी वाचक

उत्तर : सोनखतात केवळ मैला असे; शहरी गटारात मात्र औषधे, रंग, साबण आणि कारखान्यांतील धातूही मिसळतात, आणि पाणी स्वच्छ होताना त्यांतील बराचसा भाग गाळातच जाऊन बसतो. गाळ वाळवण्याच्या वाफ्यांवर टोमॅटोची रोपे आपोआप उगवतात. ते बी माणसाच्या पोटातून आणि पुढे केंद्रातल्या टाक्यांतून तग धरून आलेले असते. जंतांची अंडीही तशीच चिवट असतात.

जंतूंवर आता चांगले उपाय आहेत. नॉर्वेत विकसित झालेल्या पद्धतीत गाळ सुमारे १६० अंश सेल्सियसवर दाबाखाली शिजवून मग पाचनटाकीत, म्हणजे जिवाणू गाळ कुजवून वायू तयार करतात त्या बंद टाकीत, सोडतात, त्यामुळे तो निर्जंतुक होतो आणि बायोगॅसही अधिक मिळतो. अहमदाबादेत भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तंत्राने कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांखाली वाळलेला गाळ निर्जंतुक केला जातो.

अधिक बिकट प्रश्न आहे तो ‘पीफास’ या रसायनांचा. न चिकटणाऱ्या भांड्यांपासून आग विझवण्याच्या फेसापर्यंत वापरली जाणारी ही रसायने अशा शिजवण्याने नष्ट होत नाहीत, मातीत वर्षानुवर्षे टिकतात आणि चाऱ्यावाटे दुधातही उतरतात. अमेरिकेतील मेन राज्यात दुग्धव्यावसायिकांची शेतेच दूषित निघाली, तेव्हा २०२२ मध्ये तेथे शेतात गाळ टाकण्यास बंदी आली. स्वित्झर्लंडने शेतात गाळ टाकण्याची वाट त्याच्या कितीतरी आधी सोडली होती.

पण शेतात टाकायचा नाही म्हणून गाळ नुसता जाळला, तर त्यातील स्फुरद (फॉस्फरस) वाया जातो, आणि स्फुरदाचा खडक मोजक्याच देशांत सापडतो. म्हणून जर्मनीने २०१७ च्या नियमांनुसार मोठ्या केंद्रांना २०२९ पासून गाळातील किंवा त्याच्या राखेतील स्फुरद परत मिळवणे बंधनकारक केले आहे. मला ही दिशा सर्वांत आश्वासक वाटते; मात्र ती खर्चिक आहे, कारण यंत्राने पिळलेला, मुठीत दाबला तरी थेंब न गळणारा गाळही सुमारे तीन-चतुर्थांश पाणीच असतो आणि जाळताना ते उडवावे लागते.

आपण गाळ घेण्यापूर्वी कॅडमियम, शिसे आणि जंतांची अंडी यांचा तपासणी अहवाल लेखी मागावा, कारखान्यांचे सांडपाणी त्या केंद्रात येते का हेही विचारावे, आणि अहवाल मिळाला तरी कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांना तो गाळ घालू नये.