घरी बांधलेल्या हाय-पॉवर रॉकेटची जमिनीवरील चाचणी वगळली तर चालेल का?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. घरी हाय-पॉवर मॉडेल रॉकेट बांधून त्याची जमिनीवर चाचणी कशी घ्यावी, ही पहिली. आणि सिम्युलेशन व सूत्रे चोख असतील तर ही चाचणी वगळली तर चालेल का, ही दुसरी. आपण पुण्यात अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहात, तेव्हा पहिल्या गोष्टीकडे शेवटी येतो. मी लिहायला बसलो तो दुसरीमुळे. "गणित बरोबर असेल तर चाचणी कशाला?" हे वाक्य आमच्या दाजींच्या तोंडून मी इतक्या वेळा ऐकले आहे की आता ते एखाद्या अनोळखी माणसाने लिहिलेले दिसले, तरी उत्तर दिल्यावाचून राहवत नाही.

प्रथम एक गैरसमज दूर करतो. जमिनीवरील चाचणी म्हणजे मोटर स्टँडला बांधून अंगणात पेटवणे, असे आपल्या मनात असेल तर ते काढून टाका. मी दक्षिण कॅलिफोर्नियात राहतो. येथे आम्ही कारखान्यात बनलेल्या, प्रमाणित मोटरी वापरतो, त्यांच्या रेट्याचे आलेख प्रसिद्ध असतात, आणि घरी त्यांत तपासण्यासारखे काही उरत नाही. तपासायचे असते ते आपण स्वतः बांधलेले, आणि त्यातही सर्वांत बेभरवशाचे, म्हणजे पॅराशूट बाहेर काढणारी यंत्रणा. रॉकेट वर जाणारच. मोटर ते काम इमानाने करते. ते खाली कसे येते, यात बांधणाऱ्याची परीक्षा असते.

माझी परीक्षा दुसऱ्या पातळीच्या प्रमाणपत्राची होती. येथे मोटरींना एकूण आवेगानुसार (सरासरी रेटा गुणिले जळण्याचा वेळ) अक्षरे दिलेली आहेत आणि प्रत्येक पुढच्या अक्षराची कमाल मर्यादा आधीच्या दुप्पट असते. एच आणि आय मोटरींसाठी पहिली पातळी, जे, के आणि एल यांसाठी दुसरी. दुसरीला लेखी परीक्षा असते आणि प्रत्यक्ष उड्डाणही, आणि रॉकेट पुन्हा उडवता येईल अशा अवस्थेत परत यावे लागते. माझे रॉकेट चार इंची फायबरग्लास नळीचे, सात फूट उंचीचे आणि मोटरीसह सुमारे सहा किलोंचे होते. दोन हिवाळे मी ते गॅरेजमध्ये बांधत होतो. शिखरावर मधला सांधा सुटून छोटे पॅराशूट बाहेर यावे आणि जमिनीपासून ७०० फुटांवर नाक सुटून मोठे पॅराशूट उघडावे, अशी नेहमीची रचना होती. दोन्ही वेळा सांधा सोडवण्याचे काम काळ्या दारूचा, म्हणजे बंदुकीच्या दारूचा, मोजका भार करतो आणि तो केव्हा पेटवायचा हे हवेच्या दाबावरून उंची ओळखणारा आल्टिमीटर ठरवतो.

दाजी मूळचे सांगलीचे, यंत्र अभियंता, आणि निवृत्त होईपर्यंत त्यांचा सारा व्यवसाय दाबपात्रांचा, म्हणजे आतला मोठा दाब सोसणाऱ्या बंद टाक्यांचा. त्यामुळे या भाराचा हिशेब त्यांनी माझ्याकडून काढूनच घेतला. चार इंच व्यासाच्या चकतीचे क्षेत्रफळ साडेबारा चौरस इंच. दर चौरस इंचाला १५ पौंड दाब धरला की सांध्यावर १८८ पौंडांचा, म्हणजे जवळजवळ ८५ किलोंचा रेटा येतो. सांधा धरून ठेवणारे नायलॉनचे तीन बारीक स्क्रू त्यापुढे टिकणे शक्यच नव्हते. मी शनिवारी परसात चाचणी घ्यायचे ठरवले होते. सुताराच्या दोन घोड्या मांडल्या, समोर जुनी गादी उभी केली, तेवढ्यात दाजी आले. कागद माझ्यापुढे धरून ते म्हणाले, "अरे, हा हिशेब मी तीन वेळा तपासला आहे. तुला भागाकारावर विश्वास नाही की माझ्यावर?" बहिणीचे यजमान असा प्रश्न विचारतात तेव्हा त्याला उत्तर नसते. मी गादी आत नेली.

दुसऱ्या दिवशी आम्ही मोहावी वाळवंटातील ल्युसर्नच्या सुक्या तळ्यावर गेलो. तळे म्हणजे मैलोगणती पसरलेली, भेगाळलेली, पांढुरकी सपाट जमीन. उड्डाण देखणे झाले. रॉकेट सुमारे साडेतीन हजार फुटांवर पोहोचून आडवे झाले, तेथे धुराचा एक लहानसा ठिपका दिसला आणि काही सेकंदांनी "फट्" असा आवाज आला. दाजींनी टाळी वाजवली. मला मात्र सांधा सुटलेला दिसेना. पाहता पाहता नाक खाली वळले आणि अखंड सात फुटांची नळी शिट्टी घालत खाली येऊ लागली. तेथे अशा वेळी सगळेजण हात वर करून रॉकेटकडे बोट दाखवतात, म्हणजे ज्याचे लक्ष नसेल त्यालाही कळावे. साठ-सत्तर माणसे हात वर करून उभी होती आणि कोणी बोलत नव्हते. ७०० फुटांवर दुसरा भार ठरल्याप्रमाणे पेटला, पण तोवर वेग ताशी साडेतीनशे किलोमीटरांच्या पुढे गेला असावा. मोठे पॅराशूट बाहेर पडताक्षणी त्याच्या दोऱ्या तुटल्या आणि ते जोडणाऱ्या पट्ट्याने फायबरग्लासची नळी वीतभर उभी चिरत नेली. आमच्यात याला "झिपर" म्हणतात, आणि नळी खरोखरच चेन उघडलेल्या पिशवीसारखी दिसत होती.

अवशेष उचलून आणल्यावर मी आल्टिमीटर ठेवलेला इलेक्ट्रॉनिक्सचा कप्पा उघडला. आल्टिमीटरची हिरवी सर्किटपट्टी काजळीने काळी झाली होती. काजळी पंख्यासारखी पसरली होती आणि त्या पंख्याची मूठ कप्पा खालून बंद करणाऱ्या चकतीतील एका भोकावर होती. भोक बारा मिलिमीटरचे, करंगळी जाईल एवढे. आधीच्या आराखड्यात तेथून तारांचा कनेक्टर जात असे. पुढे तारांची जागा बदलली, आणि भोकात इपॉक्सी (घट्ट होणारा चिकट पदार्थ) भरायचे म्हणून मी त्यावर तात्पुरती चिकटपट्टी लावून ठेवली होती. ती तशीच राहिली. भार पेटला तेव्हा पट्टी फाटली आणि जो दाब सांध्यावर यायला हवा होता तो भोकातून कप्प्यात व तेथून बाहेर निघून गेला. नायलॉनचे तिन्ही स्क्रू शाबूत होते. आल्टिमीटरने मरता मरता केलेली नोंद नंतर संगणकावर पाहिली. शिखरापाशी उंचीची रेषा एकाएकी कोसळते, क्षणभर जमिनीच्याही खाली जाते आणि पुन्हा जागेवर येते, कारण कप्प्यात शिरलेल्या वायूच्या दाबाने त्या बिचाऱ्याला आपण पाताळात पोहोचलो असे वाटले होते.

चूक निखालस माझी होती, हे मी तेव्हाही मान्य केले आणि आताही करतो. वाद त्यानंतरचा आहे. दाजी म्हणतात, "गणित कुठे चुकले? कारागिरी चुकली." हे शंभर टक्के खरे आहे आणि नेमके म्हणूनच मला चाचणी हवी होती. सूत्राने नळी बंद आहे असे गृहीत धरले होते. माझी नळी बंद नव्हती, आणि हे सूत्राला सांगणारे कोणीच नव्हते. सिम्युलेशनचेही तेच. ओपनरॉकेट हा सिम्युलेशनचा प्रोग्राम आपल्याला शिखराची उंची, गुरुत्वमध्य आणि दाबमध्य (हवेचे बळ ज्या बिंदूवर एकवटते तो) यांतील अंतर, सारे उत्तम सांगेल. चिकटपट्टीखाली काय आहे ते सांगणार नाही. ज्या अभियंत्याने आयुष्यभर दाबपात्रे पाण्याने भरून, दाब देऊन, सही करून मगच कारखान्याबाहेर जाऊ दिली, त्याने माझ्या परसातील चाचणीला भागाकारावरील अविश्वास म्हणावे, हे मला आजही पटत नाही.

एका दिवाळीला त्यांनी नवा मुद्दा काढला की चाचण्या मोठ्या यानांना शोभतात, छंदाला नव्हे, आणि मोठी माणसे आधी आराखडा पक्का करतात. मी त्यांना नासाच्या जेनेसिसची आठवण करून दिली. सौर वाऱ्याचे कण घेऊन आलेली ती कुपी ८ सप्टेंबर २००४ रोजी यूटाच्या वाळवंटात ताशी ३११ किलोमीटर वेगाने आदळली, कारण वातावरणात शिरल्याचा झटका ओळखून पॅराशूट सोडण्याचा क्रम सुरू करणारे संवेदक आराखड्यातच उलटे काढलेले होते आणि आराखड्याप्रमाणे बरहुकूम उलटे बसवले गेले. ही चूक उघडी पाडू शकेल अशी चाचणी आधी ठरलेली होती आणि नंतर वगळली गेली, कारण रचना आधीच्या यानावरून घेतलेली म्हणून विश्वासाची मानली गेली. दाजींनी करंजी संपवली आणि विषय बदलला.

आता मी चाचणी कशी घेतो ते सांगतो. रॉकेट उड्डाणासाठी भरतो तसेच पूर्ण भरतो. पॅराशूट, पट्टा, अग्निरोधक कापड, सारे जागेवर, कारण रिकाम्या नळीची चाचणी म्हणजे दुसऱ्याच रॉकेटची चाचणी. मोटर मात्र लावत नाही. रॉकेट घोड्यांवर आडवे, गादी समोर, पेटवण्याची तार लांब, आणि माणसे बाजूला, पुढेही नाहीत आणि मागेही नाहीत. कप्प्यात पांढऱ्या टिश्यू कागदाची घडी ठेवतो. सांधा सुटणे पुरेसे नाही. दोन्ही भाग झटक्याने दूर जाऊन पट्टा पूर्ण ताणला गेला पाहिजे, पॅराशूट नळीबाहेर आले पाहिजे आणि त्यावर जळाल्याचा डाग नसावा. मग टिश्यू काढून खिडकीपाशी नेऊन पाहतो. कडेला राखाडी झाक दिसली तरी चकती पुन्हा सील करतो आणि चाचणी पहिल्यापासून घेतो. भाराचे ग्रॅम मी येथे मुद्दाम देत नाही. माझा आकडा माझ्या नळीचा आहे.

आपल्याला यातील काळ्या दारूचा भाग करता येणार नाही, आणि करू नये. भारतात १८८४ चा स्फोटके अधिनियम आणि २००८ ची स्फोटके नियमावली लागू आहे, परवाने देणाऱ्या संघटनेचे मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे, आणि वसतिगृहात साखर व सोरा शिजवून इंधन करणे हा परवान्याविना गुन्हा तर आहेच, शिवाय बोटे घालवण्याचा खात्रीचा मार्ग आहे. लोखंडी पाइपचे रॉकेट करणाऱ्यांशी मी बोलतही नाही. फुटल्यावर पुठ्ठ्याच्या चिंध्या होतात, लोखंडाचे तुकडे होतात. दाजींशी भांडण्याच्या भरात एक सांगायचे राहिले: माझे परस गावाबाहेर आहे, शेजारी दूर आहेत, आणि तरीही मी त्यांना आधी कळवतो. उपनगरातल्या गल्लीत हे केले असते तर पोलीस आले असते, आणि त्यांचे काही चुकले नसते. उड्डाणाचा प्रश्न तर वेगळाच; पुण्याच्या डोक्यावर लोहगावचा हवाई तळ आहे, तेव्हा परवानगीचे काम महाविद्यालयामार्फतच करावे लागेल.

दारूशिवाय पुष्कळ तपासता येते. आल्टिमीटर मोठ्या काचेच्या बरणीत ठेवा, भार पेटवणाऱ्या इग्नायटरच्या जागी दोन लहान दिवे जोडा, आणि झाकणातून नळी काढून हवा हळूहळू ओढून घ्या; त्याला आपण वर चाललो असे वाटेल. हवा परत सोडू लागताच पहिला दिवा आणि ठरलेल्या उंचीवर दुसरा लागला पाहिजे. सांध्यासाठी सायकलचा पंप, दाबमापक आणि चकतीत बसवलेला व्हॉल्व्ह घ्या, आणि सांधा किती दाबाला सुटतो ते मोजा. नाक जोरात उडते, म्हणून येथेही बाजूलाच उभे राहा. त्याआधी थोडाच दाब भरून चकतीवर, तारांच्या भोकांवर आणि सांध्याभोवती साबणाचा फेस लावा. सांगलीला दाजींच्या जुन्या घराखाली एक पंक्चरवाला होता. तो ट्यूब फुगवून घमेल्यातल्या पाण्यात दाबायचा आणि बुडबुडा कुठून येतो ते पाहायचा. ठिगळ लावल्यावर ट्यूब पुन्हा पाण्यात दाबायचा आणि मगच पैसे घ्यायचा.