समुद्राच्या वाळूतले गोलकृमी ओळखायचे कसे?

तुम्ही विचारलंय की वाळूतले हे गोलकृमी म्हणजे निमॅटोड सगळे सारखेच दिसतात, मग त्यांचे गट कशावरून पाडतात आणि पोटातल्या जंतांशी त्यांचं काही नातं आहे का. नातं आहे, खाली सांगतो.

बहुतेक जण एक ते तीन मिलिमीटरचे, ५०० मायक्रॉनच्या चाळणीतून खाली पडतात आणि ६३ च्या चाळणीवर अडकतात. अंगात फक्त उभे स्नायू असतात, गोल स्नायू नाहीतच, त्यामुळे गांडुळासारखं आखडणं-ताणणं जमत नाही, नुसती वळवळ.

मी स्लाइड लावली की आधी अँफिड शोधतो, म्हणजे डोक्याच्या दोन्ही बाजूंना एकेक असलेला, पाण्यातली रसायनं ओळखणारा अवयव. निमॅटोडांच्या गटांपैकी एनोप्लिडांमध्ये तो खिशासारखा, क्रोमाडोरिड वगैरे मंडळींत बऱ्याचदा चक्री आणि मॉनहिस्टेरिडांमध्ये गोल, म्हणजे हा नीट दिसला की अर्धं काम झालंच समजा, फोकस वरखाली करत बसावं लागतं ते वेगळं. मग तोंड. वीझर या निमॅटोडांच्या अभ्यासकाने १९५३ मध्ये तोंडाच्या पोकळीवरून आणि दातांवरून खाण्याचे चार प्रकार केले, ते अजून सगळे वापरतात, पण नुसते दात बघून हा शिकारीच असं छातीठोक सांगू नये असं माझं मत. शेपटीत सहसा तीन ग्रंथी असतात, टोकातून चिकट द्रव सोडतात आणि त्याने तो वाळूच्या कणाला धरून बसतो. काही तर भलतेच, स्टिलबोनेमॅटिनी गटातले अंगभर गंधकावर जगणाऱ्या बॅक्टेरियांचा थर घेऊन फिरतात आणि ॲस्टोमोनेमाला तर तोंडच नसतं, आतले बॅक्टेरियाच त्याला पोसतात.

आता वर्गीकरण. जुन्या पुस्तकांत ॲडेनोफोरिया आणि सेसरनेंटिया असे दोन वर्ग सापडतील, समुद्रातले जवळपास सगळे पहिल्यात. डीएनए बघायला लागल्यावर ते मोडलं, कारण सेसरनेंटिया ही क्रोमाडोरियाचीच एक फांदी निघाली, म्हणून आता एनोप्लिया आणि क्रोमाडोरिया असे वर्ग धरतात (काही जण डोरिलायमिया वेगळा काढतात). म्हणजे पोटातला नेहमीचा मोठा जंत, ॲस्कॅरिस, जो सेसरनेंटियात धरायचे, तोही मॉनहिस्टेरिडांसारखा क्रोमाडोरियातलाच, आणि समुद्रातला मॉनहिस्टेरिड त्याला जितका जवळचा तितका त्याच वाळूतल्या शेजारच्या एनोप्लिडाला नाही.