हलमध्ये राहायला येण्यापूर्वी: रोव्हर्सचा विजय आणि तुमच्या दोन शंका

तुम्हाला इंग्लंडमधील हल शहराच्या हल रॉयल इन्फर्मरी या रुग्णालयात परिचारिकेची नोकरी मिळाली आहे, यजमान आणि आठ वर्षांची मुलगी काही महिन्यांनी मागाहून येणार आहेत आणि घर शहराच्या पूर्व भागात पाहावे असा तुमचा विचार आहे, हे पत्रातून कळले. रग्बी लीगच्या २०२५ च्या हंगामात हल के. आर. या संघाने विजय मिळवल्यानंतरच्या चित्रफिती तुम्ही पाहिल्यात. लाल धूर, रस्त्यात अनोळखी माणसांना मिठी मारून रडणारे पुरुष आणि मध्यरात्रीपर्यंत चाललेली गाणी पाहून तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. रात्रपाळीला जाता-येता अशी गर्दी वाटेत आली तर बाईमाणसाने काय करावे, ही पहिली. ज्याला या खेळात काडीचाही रस नाही त्याचा या शहरात निभाव लागतो का, ही दुसरी. मी अलेक्झांड्रा गोदीतील पवनचक्क्यांची पाती बनवणाऱ्या कारखान्यात काम करतो आणि पूर्व हलमध्येच राहतो, त्यामुळे हा सगळा जल्लोष माझ्या दारावरूनच गेला आहे. दोन्ही शंकांचे उत्तर देण्याआधी ती माणसे कशासाठी रडत होती हे सांगणे मला आवश्यक वाटते, कारण ते कळले की निम्मी भीती आपोआप जाईल.

हल के. आर. म्हणजेच हल किंग्स्टन रोव्हर्सला इथे सगळे नुसते रोव्हर्स म्हणतात. १९८५ साली त्यांनी लीगचे विजेतेपद मिळवले आणि त्यानंतर चाळीस वर्षे एकही मोठा करंडक त्यांच्या हाती लागला नाही. ही वर्षे शांतपणे गेली असती तर एक वेळ लोकांनी सोसले असते, परंतु मधल्या काळात आशा दाखवून हिरावून घेण्याचे प्रकार वारंवार झाले. २०१५ मध्ये चॅलेंज कप या बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात लीड्सने त्यांचा ५०-० असा धुव्वा उडवला. पुढच्याच वर्षी सॅलफर्डविरुद्धच्या निर्णायक लढतीत जादा वेळेतील एका गुणाने १९-१८ असा पराभव होऊन ते सुपर लीग या सर्वोच्च श्रेणीतून खाली घसरले आणि २०१८ च्या हंगामात परत वर आले. २०२३ मध्ये ते चॅलेंज कपच्या अंतिम सामन्यात लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर ली संघाकडून १७-१६ असे हरले, तेही पुन्हा जादा वेळेतच. २०२४ मध्ये पहिल्यांदाच ग्रँड फायनल, म्हणजे लीगचा विजेता ठरवणारा अंतिम सामना, गाठली, तर विगनने ९-२ अशी मात दिली. एवढे झाल्यावर माणूस संघ सोडत नाही, मात्र जिंकण्याची भाषा बोलणे सोडतो. मी इथे आलो तेव्हा सामन्याच्या आदल्या दिवशी कारखान्यातील लोक आपल्याच संघाविषयी इतके निराशेचे बोलत, की हे तिकिटाचे पैसे तरी का खर्च करतात असा मला प्रश्न पडे. उद्याचे दुःख आजच थोडे वाटून घ्यायची ती त्यांची पद्धत होती, हे हळूहळू लक्षात आले.

७ जून २०२५ रोजी वेम्ब्लीवर वॉरिंग्टनविरुद्ध चॅलेंज कपचा अंतिम सामना झाला. मी तो शेजाऱ्यांच्या घरी दूरचित्रवाणीवर पाहिला. शेवटची दोन मिनिटे उरली असतानाही रोव्हर्स ६-२ असे मागे होते आणि त्या खोलीत कोणीच काही बोलत नव्हते. एका काकांनी तर कोट हातात घेतला होता. तेवढ्यात टॉम डेव्हिसने मोकळा सुटलेला चेंडू गोलरेषेपलीकडे जमिनीला टेकवला आणि गुण ६-६ झाले. त्यानंतरची किक माइकी लुईस घेणार होता. हा मुलगा हलमध्येच जन्मलेला. ती किक खांबांमधून गेली आणि ८-६ झाले, तेव्हा मला मोठी आरोळी अपेक्षित होती, परंतु क्षणभर सगळे एकमेकांकडे नुसते पाहत राहिले, जणू पंच आता हे परत घेतील. शिट्टी झाल्यावर मात्र साठी-सत्तरीतील माणसे लहान मुलासारखी रडली. शेजारीणबाई आपल्या वडिलांचे नाव घेत होत्या. ते १९८० सालच्या चॅलेंज कपच्या अंतिम सामन्याला गेले होते आणि तो कप पुन्हा जिंकलेला पाहायचा राहून गेले. दुसऱ्या दिवशी त्या लाल-पांढरा स्कार्फ घेऊन त्यांच्या थडग्यापाशी जाऊन आल्या. गल्लीतील इतरही दोन-तीन घरांनी असेच केल्याचे मी ऐकले.

तुम्ही पाहिलेल्या चित्रफितींत जूनच्या आणि ऑक्टोबरच्या विजयाची दृश्ये एकत्र आहेत असे तुमच्या वर्णनावरून वाटते, आणि या दोहोंत बराच फरक आहे. जूनमध्ये लोक मोकळे झाले. सप्टेंबरमध्ये लीगमध्ये अव्वल राहिल्याबद्दलची शील्ड मिळाली, तेव्हा लोक बिचकत बिचकत हसू लागले. ११ ऑक्टोबर रोजी मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्डवर ग्रँड फायनलमध्ये, आदल्या वर्षी ज्यांनी हरवले त्याच विगनला २४-६ असे हरवून तिन्ही किताब एकाच हंगामात घरी आणले, तेव्हा कुठे खरा उत्सव झाला. त्या रात्री रडणारे कमी आणि गाणारे जास्त होते. जूनमध्ये कोट उचलणारे तेच काका ऑक्टोबरमध्ये 'मी पहिल्यापासून सांगत होतो' असे बिनदिक्कत सांगत फिरत होते आणि त्यांना कोणीही अडवले नाही. विली पीटर्स या ऑस्ट्रेलियन प्रशिक्षकाचे नाव तर अजूनही किराणा दुकानाच्या रांगेत निघते.

आता पूर्व भागात घर घेण्याविषयी. हल नदी शहराचे दोन भाग करते. पूर्वेला रोव्हर्सचे लाल-पांढरे राज्य, त्यांचे क्रेव्हन पार्क हे मैदान प्रेस्टन रोडवर. पश्चिमेला हल एफ. सी. या काळ्या-पांढऱ्या पोशाखाच्या संघाचे राज्य. पूर्वी पश्चिमेच्या हेसल रोडवर खोल समुद्रात जाणाऱ्या मासेमारांची वस्ती होती आणि पूर्वेला गोदी कामगारांची, त्यामुळे ही विभागणी कामधंद्यापासून आलेली आहे. रोव्हर्स हा संघही १८८२ मध्ये बॉयलर बनवणाऱ्या उमेदवार कामगारांनीच सुरू केला. १९८० मध्ये हे दोन्ही संघ चॅलेंज कपसाठी वेम्ब्लीवर एकमेकांसमोर आले, तेव्हा अख्खे शहर लंडनला निघाले आणि बाहेर पडणाऱ्या रस्त्यावर कोणीतरी फलक लावला, की शेवटी निघणाऱ्याने दिवे मालवावेत. हा किस्सा तुम्हाला पहिल्या आठवड्यातच कोणीतरी ऐकवील. तो नव्यानेच ऐकत असल्यासारखा ऐकावा. तो सामना रोव्हर्सने १०-५ असा जिंकला. त्यांचा कर्णधार रॉजर मिलवर्ड जबडा मोडलेला असूनही खेळत राहिला होता.

म्हणूनच एका तीरावरचा विजय दुसऱ्या तीरावर फार निराळा दिसतो. 'तुम्ही वेम्ब्लीवर कधीच जिंकणार नाही' असे गाणे म्हणून पूर्वेची मंडळी पश्चिमेला वर्षानुवर्षे चिडवत असत. २०१६ च्या ऑगस्टमध्ये एफ. सी. ने वॉरिंग्टनला १२-१० असे हरवून ते गाणे बंद पाडले आणि त्यानंतर पाच आठवड्यांनी रोव्हर्स खाली घसरले. पूर्वेच्या लोकांना ते वर्ष आठवलेले आवडत नाही. उलट २०२५ मध्ये एफ. सी. च्या लोकांनी काय केले, तर बऱ्याच जणांनी त्या दिवशी बागकाम केले. काहींनी मोकळेपणाने अभिनंदन केले. माझ्या विभागातील एका कट्टर एफ. सी. वाल्याने सोमवारी येऊन सगळ्यांशी हात मिळवला, 'तुमच्या वडिलांसाठी आनंद वाटला' एवढेच म्हटले आणि नंतर आठवडाभर त्या विषयावर अक्षर काढले नाही. एकाच घरात बाप लाल आणि मुलगी काळी-पांढरी असणेही इथे दुर्मीळ नाही, त्यामुळे टोमणे तिखट असले तरी नाती तुटेपर्यंत कोणी ताणत नाही.

तुमच्या पहिल्या शंकेचे थेट उत्तर असे, की रग्बी लीगची गर्दी ही बहुतांशी कुटुंबांची गर्दी असते. आजी, नातवंडे, लेकुरवाळ्या बायका मैदानावर सर्रास दिसतात. एरवीच्या सामन्यांत दोन्ही संघांचे पाठीराखे एकमेकांशेजारी उभे असतात, फक्त हलच्या आपसांतल्या लढतीत त्यांना वेगळे ठेवतात. मात्र ही मंडळी पितात आणि पुष्कळ पितात. मैदान दिसेल अशा जागी मद्यपानाला मनाई करणारा इंग्लंडमधील कायदा फुटबॉलला लागू आहे, रग्बीला नाही. त्यामुळे मोठ्या विजयाच्या रात्री पूर्वेच्या होल्डरनेस रोडवर आणि शहराच्या मध्यभागी आरडाओरडा होईल, बसगाड्या रखडतील आणि शेवटच्या बसमध्ये कोणीतरी तुमच्या शेजारी बसून मोठ्याने गाईल. त्याने मला त्रास दिला नाही, पण मी पुरुष आहे आणि उंचही आहे, म्हणून माझ्या अनुभवावर सगळी भिस्त ठेवू नका. माझ्या ओळखीच्या मराठी आणि मल्याळी परिचारिका अशा रात्री टॅक्सी आधीच सांगून ठेवतात किंवा दोघी-तिघी मिळून निघतात, तसेच तुम्हीही करावे.

दुसरी एक गोष्ट लपवणे योग्य होणार नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये हलच्या मध्यवर्ती भागात दंगल झाली, आश्रयासाठी आलेल्या लोकांना ठेवलेल्या हॉटेलवर जमाव चालून गेला आणि दुकाने फोडली गेली. त्या दिवशी आम्ही कोणीही घराबाहेर पडलो नाही. चित्रफितींमध्ये इंग्रजी गर्दी, धूर आणि आरोळ्या पाहिल्या की दोन्ही प्रसंग सारखेच वाटतात, हे मला मान्य आहे. परंतु ऑक्टोबरच्या त्या रात्री आमच्या घरासमोर जे थांबले त्यांनी माझ्या मुलाला खांद्यावर घेऊन गाणे शिकवले. या शहरात दोन्ही प्रकारची माणसे आहेत आणि काही वेळा तीच माणसे दोन्हीकडे असू शकतील. तरीही करंडकासाठी जमलेली गर्दी कोणाला शोधत फिरत नसते, हे मी खात्रीने सांगतो.

रुग्णालयाविषयी मात्र तुम्ही एक गंमत ध्यानात घ्या. हल रॉयल इन्फर्मरी अॅनलाबी रोडवर, म्हणजे पश्चिमेला आहे आणि तिथून एफ. सी. चे मैदान पायी जाण्याच्या अंतरावर आहे. तुम्ही पूर्वेला राहून पश्चिमेला काम करणार, म्हणजे वॉर्डात तुम्हाला दोन्ही रंगांची माणसे भेटणार. तुम्ही लाल की काळ्या-पांढऱ्या, हा प्रश्न रुग्णही विचारतील. अजून ठरवलेले नाही, तुम्हीच पटवून द्या, असे म्हटलेत तर वेदनेने त्रासलेला म्हाताराही दहा मिनिटे खुलून बोलेल, आणि कोणत्याही संभाषणवर्गापेक्षा त्या दहा मिनिटांत इथले उच्चार तुमच्या कानांत लवकर बसतील. सहकाऱ्यांच्या बाबतीत पाळ्यांचे वेळापत्रक पाहा. गुड फ्रायडेला बहुधा दोन्ही हल संघांची लढत असते, चॅलेंज कपचा अंतिम सामना २०२४ आणि २०२५ मध्ये जूनच्या सुरुवातीला झाला आणि ग्रँड फायनल ऑक्टोबरमध्ये होते. त्या दिवसांची पाळी तुम्ही आपण होऊन बदलून दिलीत, तर गणपतीला आणि दिवाळीला रजा मागताना तुम्हाला फार बोलावे लागणार नाही. माझ्या पत्नीने हेच केले आणि तिचा एकही गणपती चुकलेला नाही.

खेळाची माहिती थोडीशी असावी. प्रत्येक बाजूला तेरा खेळाडू, चाळीस-चाळीस मिनिटांचे दोन डाव, चेंडू हाताने फक्त मागेच द्यायचा आणि चेंडू घेऊन धावणाऱ्याला समोरच्यांनी सहा वेळा अडवले की चेंडू त्यांचा. चढाई करणाऱ्याला साखळीने पकडून खाली आणणे तुम्ही सांगलीकडच्या कबड्डीत पाहिलेलेच असेल, त्यामुळे पहिल्या दहा मिनिटांतच डोळा बसतो. चेंडू गोलरेषेपलीकडे टेकवला की चार गुण, त्यानंतरच्या किकचे दोन. पंधरा खेळाडूंची रग्बी युनियन हा वेगळा खेळ आहे. मजुरी बुडवून खेळणाऱ्या कामगारांना भरपाई द्यावी की नाही या वादातून उत्तर इंग्लंडच्या क्लबांनी १८९५ मध्ये हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलमध्ये वेगळी चूल मांडली आणि हल एफ. सी. त्यांत होता. हा इतिहास इथल्या माणसाला अजून ताजा आहे. म्हणून कौतुकाच्या भरात इंग्लंडच्या युनियन संघाविषयी बोलू नका.

यजमानांना रस नसेल तर काहीच बिघडत नाही. शहरातील कित्येक जणांना फुटबॉलच प्रिय आहे आणि काहींना दोन्हीचा कंटाळा आहे. मुलीसाठी लाल जर्सी आताच घ्यावी का, असे तुम्ही विचारले आहे. घर नक्की होईपर्यंत थांबा. भाड्याचा करार ऐन वेळी नदीच्या पश्चिमेला झाला, तर शाळेच्या पहिल्याच दिवशी तिला त्या जर्सीचा खुलासा देत बसावे लागेल. घर पूर्वेलाच मिळाले तर जर्सी विकत घेण्याची गरज पडणार नाही, माझ्या मुलाला लहान झालेल्या दोन आमच्या कपाटात आहेत.