पैसा आला आणि पोरगं बदललं?

"मॅडम, जमिनीचे पैसे आले आणि पोरगं हातचं गेलं." रस्त्यासाठी जमीन गेलेल्या घरांतून माझ्याकडे ही तक्रार हमखास येते. या वडिलांचा मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगला होता. महागडी बाइक, मित्रांची हॉटेलची बिलं हे सगळं ते सोसत होते. पण भेटायला गेल्यावर त्यानं फ्लॅटवर नेलं नाही, स्टँडवरच चहा पाजून परत पाठवलं, ते जिव्हारी लागलं होतं. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

मला चार्ल्स डिकन्सच्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' या इंग्रजी कादंबरीतला पिप आठवला. लोहाराच्या घरात वाढलेल्या या पोराला निनावी दात्याचा पैसा मिळतो. तो लंडनला जातो, उधळतो, कर्जात बुडतो. अंगाखांद्यावर वाढवणारा लोहार मेव्हणा, जो गार्जरी, भेटीला येणार म्हटल्यावर त्याला वाटतं, पैसे देऊन हे टळलं असतं तर दिले असते. हा जो गार्जरी बिचारा बावरलेला. त्याची हॅट फायरप्लेसवरच्या फळीवरून सारखी पडते आणि तो पिपलाच 'सर' म्हणतो.

वाचणारे पैशाला दोष देतात. मला ते पटत नाही. पैसा येण्याच्या कितीतरी आधी श्रीमंत घरातल्या एस्टेलानं पिपच्या राठ हातांची, जाड बुटांची टिंगल केलेली असते. घराची लाज तेव्हाच शिरते. पैशामुळे त्या लाजेपासून पळायची सोय होते, एवढंच.

म्हणून मुलाला मी खर्चाबद्दल विचारलंच नाही, पहिल्या वर्षाबद्दल विचारलं. बराच वेळ खाली बघत राहिला. मग म्हणाला, त्याच्या गावाकडच्या बोलण्याची नक्कल करणारा व्हिडिओ वर्गाच्या ग्रुपवर महिनोन्महिने फिरत होता. हा मित्रांची बिलं भरायला लागल्यावर तो व्हिडिओ थांबला. "आप्पा फ्लॅटवर आले असते, बोलले असते, की परत सुरू."

हे त्यानं माझ्यासमोरच आप्पांना सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "मग आधी सांगायचं ना रं."

आप्पा त्याचं खातं बंद करायला निघाले होते. मी म्हटलं, मोठी रक्कम मुदत ठेवीत टाका, महिन्याचा खर्च ठरवून द्या, पण 'पैशानं माजलास' हे घरात पुन्हा बोलू नका. आणि त्याच्या हाती एखादं खरं काम सोपवा. पिपनंही उधळपट्टीच्याच काळात मित्र हर्बर्टला गुपचूप धंद्यात भागीदारी मिळवून दिली होती, आणि आपल्या हातून झालेलं एकमेव चांगलं काम म्हणून पुढे तो त्याचंच नाव घेतो. या मुलाकडे आम्ही बहिणीच्या नर्सिंगच्या प्रवेशाचा आणि फीचा सगळा व्यवहार दिला. तो त्यानं चोख केला. बाइक मात्र विकलेली नाही, आणि त्यावरून घरात अजून खटके उडतात.