महाकाय रेणूमेघाच्या (ताऱ्यांमधल्या थंड वायूच्या ढगाच्या) आत वैश्विक किरणांना (अवकाशातल्या अतिवेगवान कणांना, मुख्यतः प्रोटॉनना) वेग मिळतो का?

बहुतेक वेळा नाही; वेग मिळतो तो सुपरनोव्हाच्या, म्हणजे फुटलेल्या ताऱ्याच्या, धक्कालाटेत, मेघ हे त्या किरणांचं फक्त लक्ष्य. वेग वाढायचा तर प्रोटॉनने धक्कालाट पुन्हा पुन्हा ओलांडायला हवी, आणि त्याला मागे फिरवतात त्या चुंबकीय क्षेत्रातल्या लहरी. मेघातला वायू जवळजवळ सगळा उदासीन, म्हणजे विद्युतभार नसलेला, असतो. मोजके आयन (विद्युतभारित कण) त्या रेणूंवर आपटत राहतात, लहरी विरतात आणि प्रोटॉन निसटतो. मेघातून गॅमा किरण आले म्हणजे त्वरणही तिथेच झालं, असं समजू नका. ही चूक फार होते. सुमारे २८ कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या वरचा प्रोटॉन वायूतल्या प्रोटॉनवर आदळला की पायॉन हा अल्पायुषी कण तयार होऊ शकतो, आणि उदासीन पायॉनचे लगेच दोन गॅमा किरण होतात. २०१३ मध्ये फर्मी या अवकाशातल्या गॅमा-किरण दुर्बिणीने आयसी ४४३ आणि डब्ल्यू ४४ या सुपरनोव्हा अवशेषांत हीच खूण पकडली. अपवाद आहे तो नवजात ताऱ्यांच्या झोतांचा, कारण ते मेघातच धक्कालाट उठवतात. आपल्या नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने डीजी टाऊ या ताऱ्याच्या झोतात ३२५ आणि ६१० मेगाहर्ट्झवर वेगवान इलेक्ट्रॉनांची चिन्हं टिपली. ती २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली, पण प्राथमिक पुरावा म्हणूनच, आणि तीही इलेक्ट्रॉनांची, प्रोटॉनची नव्हे.