‘फक्त बघितलं’ एवढ्यावर सुटका नाही

प्रश्न : वकीलबाई, नमस्कार. माझ्या 21 वर्षांच्या पुतण्याचा मोबाईल सीईएन (सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थ गुन्हे) पोलिसांनी नेला. त्यात लहान मुलांचे अश्लील व्हिडिओ होते. तो म्हणतो, ‘काका, फक्त बघितलं, कुणाला पाठवलं नाही.’ नोटीस कानडीत आहे, आम्हाला वाचता येत नाही. शिक्षा होईल का? त्याच्या गूगल खात्यात अजून काही असेल, ते पुसून टाकावं का?
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : काका, आधी शेवटचं. काहीही पुसू नका. नोटीस आल्यानंतर पुसलंत तर पुरावा नष्ट केल्याचा वेगळा गुन्हा अंगावर येईल, आणि त्यात तुम्हीही अडकाल.

‘फक्त बघितलं’ हा बचाव आता चालत नाही. जुलै 2024 मध्ये आपल्या कर्नाटक उच्च न्यायालयानेच, नुसतं पाहणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 67 ब कलमात बसत नाही, असं म्हणून एक खटला रद्द केला होता. पण त्या कलमात पाहणं आणि डाउनलोड करणंही आहे, हे नजरेतून सुटल्याचं लक्षात येताच त्याच महिन्यात तो आदेश न्यायालयाने स्वतः मागे घेतला. मग 23 सप्टेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने मद्रास उच्च न्यायालयाचा तसाच निकाल फिरवला.

67 ब खाली पहिल्या गुन्ह्याला 5 वर्षांपर्यंत कैद आणि 10 लाखांपर्यंत दंड आहे. दुसऱ्यांदा दोषी ठरला तर 7 वर्षांपर्यंत. पॉक्सोच्या, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या, कलम 15 मध्ये मात्र हेतू बघतात. पुढे पाठवायच्या इराद्याने, न पुसता आणि न कळवता नुसतं ठेवलं, तर किमान 5 हजार दंड. प्रत्यक्ष पाठवलं किंवा पाठवायची सोय केली, तर 3 वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. विकण्यासाठी ठेवलं, तर पहिल्याच वेळी 3 ते 5 वर्षं कैद, दंड किंवा दोन्ही. हा इरादा कसा ठरतो? फाइली किती, कशा लावून ठेवल्या, किती दिवस न पुसता राहिल्या, यावरून. मोबाईलच्या तपासणीचा अहवाल आल्याशिवाय कुठलाही वकील तुम्हाला शिक्षेचा आकडा सांगू शकणार नाही. सांगितलाच, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

दोषी ठरल्यावर शिक्षा किती द्यायची यावर वेगळी सुनावणी होते. तिथे त्याचं वय, आधीचा गुन्हा नसणं, हे मांडता येतं. पण त्या व्हिडिओतलं लेकरू खरं असतं, काका. त्याच्यावरचा अत्याचार प्रत्येक पाहणाऱ्यागणिक चालू राहतो. म्हणून घरात ‘पोरवयात होतं असं’ म्हणून पांघरूण घालू नका.

नोटीस कानडी येणाऱ्या वकिलाकडून शब्दन् शब्द वाचून घ्या. न वाचता सही नको. कोर्टात साक्ष त्याला कळणाऱ्या भाषेत समजावून मिळण्याचा हक्क त्याला आहे. फी परवडत नसेल, तर बेळगावच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात मोफत वकिलासाठी अर्ज करा. आणि ते व्हिडिओ कुठल्या ग्रुपवर, कुणाकडून आले, हे त्याने वकिलाला खरंखरं सांगावं. त्या धाग्यावरून एखादं मूल अजूनही वाचू शकतं.