आधी लेव्हल विचारा, मग लाइन मागा

वाचकांचे प्रश्न. उत्तरं देताहेत गटारकामात 31 वर्षं काढलेले एक निवृत्त अभियंता, मुक्काम इंदिरानगर, नाशिक.

काका, नमस्कार. पाथर्डी फाट्याच्या पुढे आमची 48 फ्लॅटची सोसायटी आहे. ताबा मिळून चार वर्षं होत आली. बुकिंगच्या वेळी बिल्डरने "ड्रेनेज लाइन सहा महिन्यांत येतेय" असं छातीठोक सांगितलं होतं. आजही सगळं सेप्टिक टँक आणि शोषखड्ड्यावर चाललंय. एरवी महिन्यातून दोनदा टँकर बोलावतो, पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा. महापालिकेचं शेवटचं चेंबर आमच्या गेटपासून साधारण 400 मीटरवर आहे. आमच्यानंतर झालेल्या बंगल्यांच्या कॉलनीला गेल्या वर्षी लाइन मिळाली, आम्हाला नाही. वशिला लागतो का? वर्गणी काढून आम्हीच लाइन टाकली तर चालेल का? सासरे म्हणतात, लाइन येईपर्यंत घरपट्टीच भरू नका. — सोसायटीची सचिव

ताई, सासरेबुवांपासून सुरू करतो, ते लवकर आटपेल. घरपट्टी थांबवू नका. थकबाकीवर दरमहा 2 टक्के शास्ती चढते आणि उद्या अर्ज घेऊन कुठल्याही टेबलापुढे उभ्या राहिलात की पहिला प्रश्न "बिल भरलंय का?" हाच येतो. भांडायचं तर पावती पर्समध्ये ठेवून भांडावं.

आता वशिला. लागतो, खोटं कशाला बोलू? पण वशिल्याने फाइल वर येते, पाणी वर चढत नाही.

त्याआधी तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला खटकली, ती बोलतो. 48 फ्लॅट, घरटी चार माणसं धरली तर 192 माणसं. माणशी रोज 135 लिटर पाणी धरतात आणि त्यातलं सुमारे 80 टक्के गटारात येतं. म्हणजे तुमच्या इमारतीतून रोज वीस हजार लिटरच्या वर मैलापाणी निघतं. महिन्याचे झाले सहा लाख लिटर. तुम्ही महिन्याला दोन टँकर उपसता. टँकर कितीही मोठा असला तरी हा हिशोब जुळत नाही. उरलेलं सगळं तुमच्याच आवारातल्या जमिनीत जातंय. आपल्याकडे वर काळी माती किंवा थोडा मुरूम, खाली काळा पाषाण. पावसाळ्यात माती फुगते, पाणी पिणं बंद करते, शोषखड्डा तुंबतो आणि टँकरवाल्याची दिवाळी होते. आवारात बोअर असेल (असणारच) तर त्या पाण्याची जिवाणू तपासणी याच आठवड्यात करून घ्या. लाइन येईल तेव्हा येईल, हे काम थांबण्यासारखं नाही. मी तुमच्या जागी असतो तर अहवाल येईपर्यंत बोअरचं पाणी स्वयंपाकघरात येऊ दिलं नसतं.

बंगल्यांना लाइन मिळाली आणि तुम्हाला नाही, याची कारणं दोन असू शकतात, आणि दोन्ही तुम्हाला स्वतः तपासता येतील.

पहिलं, लेव्हल, म्हणजे जमीन आणि पाइप कुठे किती उंचीवर आहेत ते. पाण्याची लाइन दाबाने चालते, चढावरही जाते. गटार निव्वळ उताराने चालतं. 200 मिलिमीटरच्या पाइपला आम्ही दोनशे मीटरला एक मीटर असा उतार देतो. त्याहून फार सपाट केला की पाणी पुढे जातं आणि मैला मागे बसतो. तुमच्या गेटपाशी पहिलं चेंबर 90 सेंटिमीटर खोल धरा. 400 मीटरमध्ये दोन मीटर उतार हवा. रस्ताच त्या बाजूला एक मीटर उतरत असेल, तर शेवटी तुमचा पाइप जमिनीखाली 1.9 मीटरवर पोचेल. आता ते महापालिकेचं चेंबर जर दीडच मीटर खोल असेल, तर तुमचा पाइप त्याच्या तळाच्या खाली येतो. आमदार येऊ दे नाहीतर मंत्री, ते पाणी त्या चेंबरमध्ये पडणार नाही. मग पर्याय उरतात ते पंपिंगचे, किंवा दुसऱ्या बाजूने, वालदेवीच्या दिशेने नवी लाइन नेण्याचे. डोळ्याला रस्ता उतरता दिसतो, त्यावर जाऊ नका. लेव्हल मोजायची दुर्बीण लावल्यावर उतार भलतीकडेच निघाल्याचं मी इतक्यांदा पाहिलंय की आता मी घरच्या गच्चीवरही डोळ्यावर विश्वास ठेवत नाही.

म्हणून कार्यालयात गेल्यावर "आमची लाइन कधी?" असं विचारू नका. त्याचं उत्तर "निधी आला की" हे ठरलेलं आहे. विचारायचं असं: "शेवटच्या चेंबरची इन्व्हर्ट लेव्हल किती? आमच्या रस्त्याचा एल-सेक्शन झालाय का? ही लाइन पुढे कुठल्या मलनिस्सारण केंद्राला धरली आहे?" इन्व्हर्ट लेव्हल म्हणजे पाइपच्या आतल्या तळाची उंची, आणि एल-सेक्शन म्हणजे लाइनच्या लांबीभर जमीन आणि पाइप किती उंचीवर आहेत ते दाखवणारा नकाशा. हे तीन प्रश्न ऐकले की समोरचा माणूस खुर्चीत सरळ बसतो. एल-सेक्शन झालेला नसेल, तर "लाइन मंजूर आहे" या वाक्याला काही अर्थ नाही. त्याशिवाय प्राकलन, म्हणजे खर्चाचा अंदाजच होत नाही.

दुसरं कारण रस्त्याचं. बंगल्यांच्या लेआउटचे आतले रस्ते बहुधा महापालिकेच्या ताब्यात गेले असतील. तुमच्या गेटपुढचा रस्ता विकास आराखड्यात आखलेला आहे, पण अजून शेतकऱ्याच्याच नावावर आहे, असं तर नाही ना? सातबारा काढून बघा. ताब्यात नसलेल्या रस्त्यावर पैसा टाकला की लेखापरीक्षणात आक्षेप येतो, म्हणून तिथे सही करायला कुणी धजावत नाही. खासगी जमिनीतून गटार न्यायची तरतूद कायद्यात आहे, त्याबद्दल पुढच्या पत्रात बोलू. पण रस्ता ताब्यात असला की काम दहापट सोपं होतं.

ठरवतं कोण, हेही समजून घ्या. गटार बांधणं आणि राखणं हे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 च्या कलम 63 नुसार महापालिकेचं बंधनकारक कर्तव्य आहे, मर्जीचा मामला नाही. मात्र कुठली लाइन आधी, हे अंदाजपत्रकात ठरतं. खालचा अभियंता प्राकलन करतो, तांत्रिक मंजुरी, प्रशासकीय मान्यता, निविदा, रक्कम मोठी असेल तर 16 सदस्यांची स्थायी समिती, मग कार्यारंभ आदेश. मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि जानेवारी 2026 ची निवडणूक होईपर्यंत हे सगळे अधिकार प्रशासकाकडेच होते. आता नगरसेवक आहेत, बहुतेक प्रभागांत चार-चार. चौघांकडून चार वेगळी पत्रं आणू नका. चार पत्रांत चार वेगळे मार्ग लिहिलेले असतात आणि फाइल पुन्हा खाली जाते. एकच पत्र, त्यावर चौघांच्या सह्या, सोबत नकाशा. तेही अंदाजपत्रकाच्या आधी, म्हणजे दिवाळी ते संक्रांत या काळात द्या. मार्चनंतर दिलेलं पत्र वर्षभर नुसतं झोपतं.

फाइल बघायची असेल तर माहितीचा अधिकार आहेच. शिवाय महापालिकेसारख्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 नागरिकांना अभिलेख पाहता यावेत, असा राज्य सरकारचा 2018 चा निर्णय आहे. फारसं कुणी जात नाही. तुम्ही जा.

माझं स्वतःचं मत विचाराल तर दुखणं वेगळंच आहे. इमारतीला परवानगी एका टेबलावर मिळते आणि गटाराचं दुसऱ्या टेबलावर ठरतं, आणि या दोन टेबलांची गाठ पडते ती लोक राहायला आल्यावर. सेप्टिक टँकची तरतूद नकाशात दाखवली की कागद पूर्ण होतो. विकास शुल्क भरलेलं असतं, ते एकाच मोठ्या पिशवीत जातं. तुमच्या इमारतीचे पैसे तुमच्याच लाइनला, असा हिशोब तिथे नसतो. बंगला असेल तर सेप्टिक टँक दहा वर्षं निभावतो. 48 फ्लॅटला तो तात्पुरता इलाज आहे, हे परवानगीच्याच दिवशी सगळ्यांना ठाऊक असतं.

आता बिल्डर. इथे मात्र घाई करा, कारण तुमचं चौथं वर्ष संपत आलंय. रेरा कायद्याच्या कलम 14(3) प्रमाणे बांधकामातला किंवा सेवासुविधांतला दोष ताब्यापासून पाच वर्षांच्या आत दाखवून दिला, तर प्रवर्तकाने, म्हणजे बिल्डरने, तो 30 दिवसांत, पैसे न घेता दुरुस्त करायचा असतो. नोंदणीकृत करारनामा काढा, महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाच्या नोंदीत मलनिस्सारणासमोर काय लिहिलंय ते छापून घ्या. तोंडी "सहा महिने" कुठे उभे राहत नाहीत. पण नोंदीत महापालिकेच्या लाइनला जोडणी असं लिहिलेलं असेल, किंवा टँक 192 माणसांच्या मानाने लहान बांधलेला असेल, तर तुमच्या हातात काहीतरी आहे. बिल्डरला पत्र सोसायटीच्या लेटरहेडवर, स्पीड पोस्टाने पाठवा. व्हॉट्सअ‍ॅपवर नको.

आणि वर्गणीची लाइन. चालते. मंजूर आराखड्याप्रमाणे, देखरेख शुल्क भरून, ठेव तत्त्वावर, म्हणजे खर्चाची रक्कम महापालिकेकडे आधी भरून, हे काम करता येतं. लाइन नंतर महापालिकेची होते. पण "आपल्यापुरता लहान पाइप टाकू, स्वस्तात होईल" असं समितीत कुणीतरी म्हणेल, त्याला माझी ही गोष्ट ऐकवा.

मी नोकरीत असताना एका गावात (नाव सांगत नाही, चूक माझीही होती) एका सोसायटीने अशीच स्वतःच्या पैशाने 150 मिलिमीटरची लाइन टाकली. शेवटच्या 60 मीटरमध्ये काळा दगड लागला. ठेकेदाराने फोडायचा कंटाळा केला आणि तेवढ्या टप्प्यात उतार खाल्ला. मी जागेवर गेलो होतो, पाणी वाहताना दिसलं, सही केली. पुढच्या पाच वर्षांत त्याच लाइनवर अकरा इमारती चढल्या. नरक चतुर्दशीला पहाटे पाचला अकराही इमारती एकदम अभ्यंगस्नानाला बसल्या. तेल, उटणं, त्यात कुणाच्या तरी मोरीतून गेलेलं फडकं. सगळ्यात खालच्या इमारतीत तळमजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहायच्या. त्यांच्या मोरीच्या जाळीतून पाणी उलटं आलं. मी पोचलो तेव्हा दारातली रांगोळी अर्धी वाहून गेली होती आणि बाई पाट उभा करून देवघराच्या उंबऱ्याला लावत होत्या. मला म्हणाल्या, "साहेब, फराळ करून जा, पण आधी हात कुठे धुवायचे ते सांगा." त्या सहीचं पेन मी अजून ठेवलंय, वापरत नाही.

तेव्हा टाकायचीच असेल तर पुढच्या वीस वर्षांत तुमच्या मागे किती इमारती उभ्या राहतील ते धरून व्यास ठेवा, दर 30 मीटरला चेंबर ठेवा आणि पाइप बुजवण्याआधी प्रत्येक चेंबरची लेव्हल घ्या. शेजारच्या दोन प्लॉटवाल्यांनाही खर्चात घ्या. नाहीतर तुमच्या पैशाच्या लाइनवर ते फुकट येतील आणि वर तुम्हालाच तुंबल्याची तक्रार करतील.

एक गोष्ट मात्र करू नका. रात्री टाकीचा पाइप काढून मागच्या नाल्यात सोडायचा सल्ला तुम्हाला एव्हाना कुणीतरी दिलाच असेल. तुमच्या बाजूचे नाले वालदेवीला जातात, वालदेवी चेहेडीला दारणेला मिळते आणि तिथेच नाशिकरोडच्या पाण्यासाठी बंधारा आहे. तुमची नणंद, मावशी कुणीतरी जेलरोडला राहत असेलच.

मखमलाबाद शिवारात आमची द्राक्षबाग आहे. पलीकडे नवीन स्कीम होतेय, तिची ड्रेनेज लाइन आमच्या बागेतून न्यायची म्हणून माणसं येऊन चुना मारून गेली. आमची परवानगी नको का? — एक शेतकरी

भाऊ, चुना कुणी मारला ते आधी विचारा. महापालिकेच्या माणसांनी की स्कीमवाल्याच्या? स्कीमवाल्याला तुमच्या बांधाच्या आत पाऊल टाकायचा अधिकार नाही, त्याला तुमची लेखी संमती लागेल, आणि ती फुकट देऊ नका. महापालिकेचं तसं नाही. आयुक्तांना लेखी नोटीस देऊन खासगी जमिनीखालून गटार नेता येतं आणि होणाऱ्या नुकसानीची भरपाई द्यावी लागते. नोटीस आली तर नुसता "विरोध आहे" असा अर्ज देऊ नका, तो निकाली काढायला सोपा असतो. लेखी पर्याय द्या: लाइन बांधाच्या कडेने घ्या, किंवा आराखड्यातल्या रस्त्याच्या आखणीतून घ्या, म्हणजे पुढे रस्ता झाला तरी ती तिथेच राहील. वेलींची संख्या, मंडपाचे खांब, ड्रिपची नळी, सगळ्याचा पंचनामा खोदाईच्या आधी करून घ्या. आणि काम छाटणी झाल्यावर करा की माल उतरल्यावर, हे तुम्हीच सुचवा. अभियंत्याला बागेचं कॅलेंडर माहीत नसतं, मलाही पंचवीस वर्षं नव्हतं.

लाइनच्या वर पुढे पक्कं बांधकाम करता येणार नाही, हे मात्र घरात सगळ्यांना आत्ताच सांगून ठेवा.

गंगापूर रोडला आमचा बंगला आहे. पावसात दारातल्या चेंबरचं झाकण उसळतं. लाइन नवीन आहे, मग असं का? — एक वाचक

गच्चीच्या पाण्याचा पाइप कुठे सोडलाय? गटाराच्या चेंबरमध्येच ना? मैल्याची लाइन पावसासाठी धरलेली नसते. तो पाइप काढून पावसाळी गटारात किंवा बागेतल्या शोषखड्ड्यात सोडा, आणि गल्लीतल्या बाकीच्या दहा बंगल्यांचे पाइपही बघून या. चेंबरवर तुम्ही पेव्हर ब्लॉक बसवले असतील तर तेही काढा. जोराच्या पाण्याने गटार साफ करणारी जेटिंगची गाडी आली की त्यांना झाकण सापडत नाही, आणि मग आत माणूस उतरवायची भाषा सुरू होते. हाताने मैला उपसण्याविरुद्धच्या 2013 च्या कायद्याने त्याला मनाई आहे. तुमच्या दारात तर ते मुळीच होऊ देऊ नका.